छोट्या बँडसॉवर १५० मिमीचा राउंड बार: अर्धा कापून फिरवायचा की दुसरा काही मार्ग?

लेथवाला_मानेवाडा

नमस्कार मंडळी. घरी चार-बाय-सहा म्हणतात तो छोटा आडवा बँडसॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत) आहे. मोटर अर्धा एचपी, सिंगल फेज. पातं १६३८ मिमी लांब, १३ रुंद, ०.६५ जाड. पाटीवर लिहिलेली क्षमता गोल ११५ मिमी आणि चौकोनी १०० × १५०.

काम असं: ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा काळा राउंड बार आहे, व्यास १५०, लांबी ३५०. त्यातून ४० मिमी जाडीच्या दोन चकत्या काढायच्या आहेत, चकच्या बॅकप्लेटसाठी. लेथवर फेस मारून (अंग सपाट करून) ३६ उरल्या तरी चालतील. शिवाय एमएसचा (माइल्ड स्टीलचा) २०० × ४० चा फ्लॅट आहे, तोही आडवा तोडायचा आहे.

मोजून पाहिलं ते देतो. पात्याला दोन्हीकडून धरणारे गाइड पूर्ण उघडल्यावर आतलं अंतर १५८. दात्यांपासून वरच्या बीमच्या खालच्या कडेपर्यंत ११८. व्हाइस १६० पर्यंत उघडतो, जबड्याची उंची ६५. पातं सध्या इंचाला १४ दात्यांचं, बायमेटल (पाठ लवचीक, दाते कडक पोलादाचे).

विचार असा करून राहिलो की बार अर्धा कापायचा, १८० अंशात फिरवायचा आणि उरलेला अर्धा कापायचा. मधे पायरी किती पडेल? आणि १४ दात्यांचं पातं एवढ्या जाडीत चालेल का? गॅसने तोडायचं नाही. कड कडक झाली की टूल खाते.


टूलरूम_हिंगणा

मापं दिली हे बरं केलं, नाहीतर अर्धा धागा अंदाजातच जातो. पाटीवरची क्षमता म्हणजे बार न हलवता एका दमात कापता येतो तेवढी. फिरवून कापायचं म्हटलं की पाटी बाजूला ठेवायची आणि तीन गोष्टी पाहायच्या: गाइडमधलं अंतर, पात्यापासून बीमपर्यंतची खोली आणि पकड.

तुमचा बार गाइडमधून जातो, दोन्ही बाजूंना ४-४ मिमी उरतात. एवढं नसतं तर इथेच थांबायला सांगितलं असतं. समजा गाइड १३० च उघडत असते. मग वरून कापताना जीवा १३० झाली की गाइड बारच्या खांद्यावर टेकले असते, म्हणजे जेमतेम ३७ मिमी खोल. पातं खाचेत शिरतं, गाइड काही शिरत नाही. बार चार वेळा फिरवा की सोळा वेळा, मधला ७५ मिमीचा गाभा तसाच राहतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. बाहेरून गोल गोल कापत जातात आणि मग गाभा हातात घेऊन बसतात.

बार गाइडच्या मधोमध आहे का ते अर्ध्या खोलीवर पाहा, पातं वर असताना नाही. फ्रेम पिव्हटवर फिरत कमानीत उतरते, म्हणून वर आणि मध्यात बार गाइडच्या संदर्भात काही मिमी सरकलेला दिसतो. जागा अडचणीची आहे ती मध्यावर, वर नाही.

पाहायचं कसं? पाते बंद ठेवा, बारचं टोक पात्याच्या १ मिमी मागे ठेवा आणि फ्रेम हाताने हळू खाली आणा. गाइडचा हात, बेअरिंगचा बोल्ट, ब्लेडचं कव्हर, जे काही पुढे बारला अडणार आहे ते आत्ताच अडतं. ७५ खोलीपर्यंत दोन्ही बाजूंना बोटभर नाही तरी पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली पाहिजे. मग बीम टेकेपर्यंत खाली जाऊन खरी खोली मोजा. ११८ लिहिलं असलं तरी ११० धरून चाला.

आता पकड. तुमच्या कामातली सगळ्यात कच्ची जागा ही आहे. बारचं केंद्र बेडपासून ७५ वर आणि जबडा ६५ चा. म्हणजे जबड्याची वरची धार केंद्राच्या १० मिमी खाली टेकणार. व्हाइस आवळला की बार दाबला जात नाही, वर ढकलला जातो. कोन साधारण पावणेआठ अंशाचा येतो. कोरड्या लोखंडावर घर्षणाने कसाबसा टिकेल, पण कूलंटचं पाणी तिथे पोचलं की बार उचलला जातो, पातं चिमटतं आणि वेल्डवर तुटतं.

जबड्यांना उंच पट्ट्या लावायला जागा नाही, १० मिमीच शिल्लक आहे. म्हणून बार वरून दाबा. एम १२ चे दोन स्टड बेडमधून वर आणा, स्लॉटमधून जमलं तर ठीक, नाहीतर बेडला भोकं पाडा. स्टडमधलं अंतर १८० च्या आसपास. त्यावर ५० × १२ ची पट्टी आडवी टाकून नट आवळा. ही पट्टी पात्यापासून किमान १०० मिमी लांब हवी, नाहीतर फ्रेम उतरताना तिच्यावरच बसेल. व्हाइसचे जबडे फक्त बाजूने आधार देतील एवढेच आवळायचे. खाली धरण्याचं काम पट्टीचं.

व्ही ब्लॉक (गोल बार बसवायचा व्ही खाचेचा ठोकळा) सुचवणारे येतील. ९० अंशाच्या व्हीमध्ये बारची खालची कड व्हीच्या तळापासून ३१ मिमी वर राहते, वर ब्लॉकचा तळ वेगळाच. एवढी उंची देणं या मशीनला परवडत नाही.

वजनही पाहून घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो, हे लोखंडवाल्याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. १५० × १५० ÷ १६२ = १३९ किलो मीटरला. तुमचा ३५० चा तुकडा साडेअठ्ठेचाळीस किलोचा. मशीनसोबत येणारा पत्र्याचा स्टँड एवढं तोलत नाही. स्टँड काढा, मशीन जड टेबलावर बोल्टने बसवा आणि बारच्या मागच्या टोकाखाली रोलर किंवा लाकडी ठोकळा बेडच्या पातळीत द्या.


ऑरेंजसिटी_फॅब

टूलरूम भाऊ म्हणतात ते सगळं खरं, पण दोन चकत्यांसाठी एवढा खटाटोप काहून? हिंगणा एमआयडीसीत किंवा इतवारीतल्या लोहा ओळीत माल घेतानाच कापून मागा. मोठ्या बँडसॉवर १५० चा बार ही किरकोळ गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी कटिंगचा दर चौरस इंचावर असतो, १५० च्या बारचं क्षेत्र साडेसत्तावीस चौरस इंच होतं, त्यावरून हिशोब करा. ४० ची चकती हवी तर ४३ सांगा. तिथला कापणारा रेघेवर कापतो, तुमच्या फेसिंगवर नाही.

फ्लॅट मात्र घरीच कापा, तो सोपा आहे.


फिटर_अजनी

बाहेरून कापून आणणं हा मार्ग आहेच, पण प्रश्न घरच्या मशीनचा आहे.

७५ अधिक ७५ असं दोन दमात कापू नका. कारण दात्यांचं आहे, ते खाली कोणीतरी लिहीलच. मी क्रमाचं सांगतो. वरून ४० मिमी कापा, बार ९० अंश फिरवा, पुन्हा ४०, असं चारदा. मधे ७० × ७० चा चौकोनी गाभा राहतो. पाचव्या वेळी त्याच्या आरपार जायचं. तेव्हा एकूण खोली ७५ + ३५ = ११० होते, तुमच्या बीमच्या हद्दीत आठ मिमी राखून.

फायदा कुठे होतो पाहा. पहिल्या कापात पात्याखाली जास्तीत जास्त १३३ मिमी धातू येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यात शेजारची एक बाजू आधीच कापलेली, म्हणून १०१. चौथ्यात ७० आणि गाभ्यातही ७०. सलग १५० कुठेच येत नाही.

आता पायरी. बार फिरवल्याने पायरी पडत नाही, हे नीट समजून घ्या. बारचा अक्ष पात्याला बरोबर काटकोनात असेल तर तो कसाही फिरवा, पातं त्याच प्रतलात येतं. पायरी पडते ती काटकोन चुकला म्हणून. अर्धा अंश चुकला तर समोरासमोरचे दोन काप कडेला एकमेकांपासून १.३ मिमी सुटतात, कारण फिरवल्यावर चूक उलट्या दिशेने येते आणि दुप्पट होते. म्हणून स्थिर जबडा आणि पातं यांचा काटकोन मशीनच्या पट्टीवरच्या खुणेने लावू नका. ती खूण कोपऱ्यावरच्या घड्याळासारखी, शोभेला. लांब गुण्या घ्या, एक बाजू जबड्याला, दुसरी पात्याच्या सपाट अंगाला. दात्यांना टेकवू नका, दाते दोन्हीकडे वाकवलेले असतात, गुण्या फसतो.

पातं उभ्यात सरळ आहे का हेही याच वेळी. बेडवर गुण्या उभा करून पात्याच्या अंगाला लावा, दोन्ही गाइडजवळ. फट दिसली तर गाइडच्या बेअरिंगचे एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून काढा. मग ५० × ५० चा भंगारातला तुकडा कापा आणि कापलेल्या अंगावर गुण्या धरा. उजेड दिसेल एवढी फट असेल तर मोठ्या बारला हात लावू नका.

लांबीचा स्टॉप. पाच वेळा बार सोडायचा, फिरवायचा, पुन्हा बांधायचा, म्हणजे तो पुढे-मागे सरकणार. बेडला एक अँगल लावून त्यात एम १० चा बोल्ट आडवा बसवा आणि बारचं टोक त्याला टेकवा. इथे एक बारीक गोष्ट आहे. बोल्टचं टोक बारच्या मध्यावर टेकलं पाहिजे, कडेला नाही. बारचं टोक तिरकं कापलेलं असलं तर कडेला टेकवलेला स्टॉप प्रत्येक फेरीला वेगळी लांबी देतो. केंद्र फिरवल्याने हलत नाही, म्हणून केंद्रावर टेकवलं की टोक कितीही वाकडं असो, लांबी तीच. सेंटर पंचची खूण मारा आणि बोल्टचं टोक निमुळतं करून त्या खुणेत बसवा. पहिली चकती निघाली की बार पुढे सरकवून दुसरीसाठी हेच.

बार तुटत आला की स्टॉपची गरज संपते, उलट तो अडचण होतो. चकती पात्याच्या आणि बोल्टच्या मधे अडकते. म्हणून पाचव्या कापाला बार बांधून झाला की बोल्ट दोन आटे मागे घ्या.

रेघ मारायची तर सरळ कडेचा जाड कागद बारभोवती गुंडाळा, कडा एकमेकांवर जुळल्या की ती कड बारच्या अक्षाला काटकोनात आहे. तिच्यावरून स्क्रायबर फिरवा. ही रेघ कापायला नाही, पातं भरकटतंय का ते पाहायला.


दाते_मोजणारा

१४ दात्यांचं पातं इथे चालणार नाही. नियम जुना आहे: धातूत एका वेळी कमीत कमी ३ दाते हवेत, ६ ते १२ असले तर उत्तम, २४ च्या वर गेले की त्रास. १५० मिमी म्हणजे ५.९ इंच. इंचाला १४ दाते म्हणजे ८३ दाते एकाच वेळी बारमध्ये. दोन गोष्टी होतात. फ्रेमचं वजन ८३ दात्यांत वाटलं जातं, एकेका दात्याला धातूत शिरायला दाबच उरत नाही, दाता घासत जातो. आणि दात्यांमधल्या गाळ्यात जेवढा कीस मावतो त्यापेक्षा जास्त तयार होतो. गाळा भरला की पातं कापत नाही, वर तरंगतं, मग बाजूला वळतं. वाकडा काप म्हटलं की लोक गाइडला दोष देतात. गाइड चांगला असतो, गाळा भरलेला असतो.

१३ × ०.६५ मध्ये ६/१० (इंचाला ६ ते १० दाते) मिळतं, ते घ्या. दात्यांचं अंतर कमीजास्त असतं, थरथर कमी होते. सरासरी आठ धरली तर ७० मिमीच्या गाभ्यात २२ दाते येतात, म्हणजे हद्दीत. १०१ च्या कापात ३२ आणि पहिल्या १३३ मध्ये ४२, तिथे हळू चाला आणि कीस ब्रशने झाडत राहा. फिटर भाऊंनी चार बाजूंनी कापायला सांगितलं ते यासाठीच. रोलमधून कापून वेल्ड करून देणाऱ्याकडून घेत असाल तर वेल्डवरून बोट फिरवून पाहा. उंचवटा लागला तर पातं प्रत्येक फेरीला गाइडमध्ये धक्का देणार, टक टक ऐकू येतं. घासून सपाट करून मागा.

ताण. या मशीनचा प्लास्टिकचा नॉब हाताने आवळून बायमेटल पात्याला पुरेसा ताण येत नाही. मोजायची सोपी रीत आहे. नॉब सैल असताना, पातं फक्त सरळ होईल एवढंच ताणलेलं असताना, व्हर्निअर कॅलिपर १५० मिमीवर उघडून त्याचे दोन्ही जबडे छोट्या क्लॅम्पने पात्याला बांधा. आता नॉब आवळत जा. रीडिंग ०.१ मिमीने वाढलं की साधारण १३५ मेगापास्कल ताण आला, ०.१३ ला १७५ च्या वर. बायमेटलला तेवढा हवा. फ्रेम वाकायला लागली किंवा नॉबचे आटे ओरडायला लागले तर ०.१ वर थांबा. काम संपलं की नॉब दोन-तीन आटे सैल करा, चाकाच्या बेअरिंगवर रात्रभर ओढ नको.

गाइड १५८ वर उघडे असताना पातं किती लवचीक होतं याचा अंदाज द्यायचा तर, तेवढ्याच बळाला आधारांमधलं अंतर तिप्पट केलं की साधी पट्टी सत्तावीसपट वाकते. पात्याला ताण असल्याने एवढं होत नाही, पण दिशा तीच. म्हणून दाब कमी, घाई नाही.

वेग: तुमच्या मशीनला बहुधा तीन पुल्या असतील, मिनिटाला साधारण २४, ३६ आणि ६० मीटर. ईएन ८ ला कूलंटसोबत मधली, कोरडं कापत असाल तर सगळ्यात हळू. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) असता तर हळूच, आणि दाब सोडायचा नाही. दाता घासला की एसएसचा पृष्ठभाग कडक होतो आणि मग काहीच शिरत नाही.

कूलंटला सर्वोकट एस किंवा तसंच कुठलंही सोल्युबल ऑइल, पाणी दहा भाग, तेल एक भाग. बादलीत आधी पाणी, त्यावर तेल ओतत ढवळा. उलट केलं की दह्यासारखं फाटतं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी उडून जातं आणि बादलीत उरतं ते घट्ट होतं, हाताला चिकट लागतं. तेव्हा भर घालताना साधं पाणी किंवा तीसला एकचं पातळ मिश्रण घाला, दरवेळी दहाला एक नको. फिरतं ठेवायला कूलरचा छोटा पंप चालतो, फक्त त्याला बारीक जाळी बांधा, लोखंडाचा कीस गेला की पंप बसला. आणि या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. पाणी, मोटर आणि पत्र्याचं मशीन एकत्र आलं की अर्थिंगच्या भरवशावर राहू नये.

कूलरवरून आठवलं. उन्हाळ्यात त्याच लायनीवर कूलर, फ्रिज आणि बँडसॉ असला की व्होल्टेज बसतो. २३० चा १९० झाला तर मोटरचा जोर साधारण दोन तृतीयांश उरतो. मग मध्यात पातं अडलं की वाटतं दाते बोथट झाले. आधी मल्टिमीटर लावा. एक्स्टेन्शन लांब असेल तर तार २.५ चौ. मिमीची घ्या.


लेथवाला_मानेवाडा

मोठी माहिती मिळाली, आभार. ६/१० चं पातं आणलं, स्टड आणि पट्टी बसवली. दोन शंका उरल्या.

एक, प्रश्न टाकायच्या आधीच जुन्या १४ च्या पात्याने वरून १८ मिमी खाच पाडून ठेवली आहे. नवीन पातं त्याच खाचेत घालू का? दोन, त्या खाचेतून निघालेला कीस पिठासारखा बारीक होता. हे दाब कमी असल्याचं लक्षण ना?


दाते_मोजणारा

त्याच खाचेत अजिबात घालू नका. नव्या पात्याचे दाते बाजूला वाकवलेले, पूर्ण रुंद असतात. जुन्या पात्याच्या कडा झिजलेल्या, म्हणून त्याची खाच अरुंद. नवं पातं आत गेलं की दोन्ही बाजूंनी घट्ट बसतं आणि पहिल्या मिनिटात कडेचे दाते भुईसपाट होतात. पाच कापांत बारची प्रत्येक बाजू वर येते, म्हणून नुसता बार फिरवून ती खाच टळत नाही. रेघ खाचेपासून थोडी बाजूला घ्या आणि नव्या जागी सुरुवात करा.

नवं पातं सुरुवातीची १५–२० मिनिटं निम्म्या दाबाने चालवा. दात्याची धार कागदासारखी पातळ असते, पूर्ण वजन टाकलं तर ती झिजत नाही, मोडते. पहिला ४० चा काप त्यातच जाईल.

पिठासारखा कीस म्हणजे दाब कमी किंवा वेग जास्त, तुमच्या बाबतीत ८३ दाते हेही कारण. हवा तो कीस मराठी ६ च्या आकड्यासारखा सैल वळलेला, चंदेरी, बोटाला कोमट. निळा आणि जाड निघाला तर दाब जास्त. काप चालू असताना हात घालू नका, खाली ट्रेमध्ये पडलेला पाहा. हातमोजेही नकोत, पात्याने धागा पकडला की बोट ओढतं.

दाब स्प्रिंगने लावायचा. बॅगा तोलायचा हूकवाला काटा गाइडजवळ फ्रेमला अडकवून वजन पाहा आणि ६ चा आकडा निघायला लागला की ते वजन बेडवर रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी चाचपडायला नको. फ्रेम खूप वर असताना तिचं वजन पिव्हटकडे झुकतं, खाली येताना पात्यावर वाढत जातं. म्हणून वर लावलेला दाब खाली जास्त होतो. ४० ची खोली झाली की एकदा काटा लावा.


टूलरूम_हिंगणा

काळा बार आहे, त्यावर खपली आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना १० मिमी पट्टा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने घासून पांढरा करा, पूर्ण घेराला. ती खपली कडक असते, नव्या पात्याची धार पहिल्या संपर्कात तिच्यावर घालवू नये. तुकडा भंगारातून आणला असेल तर फाइल मारून पाहा. फाइल घसरली, ओरखडा पडला नाही, तर तो ईएन ८ नाही किंवा हार्डन केलेला आहे, पातं वाया जाईल. गॅसने तोडलेली कडही तशीच, कापायची रेघ तिच्यापासून निदान २० मिमी लांब घ्या.

वेळ किती लागेल हे कोणी लिहिलं नाही. क्षेत्र १७७ चौ. सेमी. या ताकदीच्या मशीनवर मिनिटाला ४ चौ. सेमी धरा, म्हणजे ४५ मिनिटं निव्वळ कापायला. पाच वेळा बांधणं धरून एका चकतीला दीड तास. मोटरला हात लावून पाहा, हात ठेववत नसेल तर पंधरा मिनिटं थांबा. मशीन थांबवताना पातं खाचेतून वर काढून मग बंद करा. खाचेत थांबवलं आणि तिथेच चालू केलं की दाते धातूत अडकतात.


ऑरेंजसिटी_फॅब

फ्लॅटचं राहिलंच. २०० × ४० आडवा झोपवला तर २०० रुंदी गाइडमधून जात नाही. तो कडेवर उभा करा. मग पात्याखाली फक्त ४० मिमी, गाइड ५० वर आणता येतात आणि काप एकदम सरळ जातो. इथे तुमचं जुनं १४ चंच पातं चालतं, २२ दाते येतात. वरून ११० कापा, फ्लॅट लांबीच्या अक्षावर उलटा, उरलेले ९० कापा. २०० उंचीवर फ्रेम उचलली जाते का ते आधी पाहा. जबडा ६५ चा आहे, म्हणून स्थिर जबड्याला १५० उंचीचा अँगल बोल्टने लावा आणि फ्लॅट त्याला वरच्या टोकाशी सी क्लॅम्पने धरा, नाहीतर वर डोलतो. उलटल्यावर दुसरं अंग अँगलला लागतं, दोन्ही अंगं समांतर आहेत का ते व्हर्निअरने पाहून घ्या. रोलिंगच्या फ्लॅटमध्ये अर्धा मिमी फरक असला तरी ती पायरी फाइलने जाते.


फिटर_अजनी

शेवटच्या कापाबद्दल दोन ओळी, कारण पातं बहुतेक वेळा तिथेच तुटतं.

गाभ्याचे शेवटचे १५–२० मिमी राहिले की साडेपाच किलोची चकती स्वतःच्या वजनाने खाली झुकायला लागते. खाच वर उघडते, खाली आवळते. चकतीखाली आधीपासून लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर दोन पातळ पाचरी समोरासमोर सरकवून चकतीला टेकवा. हातोडीने ठोकायच्या नाहीत, बोटाने सरकतील एवढ्याच. जोरात ठोकल्या की चकती उचलली जाते आणि मग खाच वरून आवळते.

वरच्या खाचेत २० गेजच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या घाला, पात्याच्या दोन्ही बाजूंना कडेला. खाच एक मिमीच्या आसपास असते, २० गेज ०.९ चा, बरोबर बसतो. बारमध्ये ताण असेल आणि खाच मिटायला लागली तरी पातं मोकळं राहतं. पट्टी सरकवताना मशीन बंद.

शेवटचे दोन सूत (साधारण ६ मिमी) राहिले की फ्रेम हाताने धरून उतरवा. चारही खाचा एकमेकींना भेटतात तेव्हा पात्याखालचा धातू अचानक संपतो आणि फ्रेम आपटते. आणि चकती पडते त्या जागी पाय नको. चपलेवर तर नकोच.

निघालेल्या अंगावर मिमीभर पायरी दिसेल. ४३ वर कापलं असेल तर दोन्ही अंगांना साडेतीन मिमी फेसिंग आहे, त्यात सहज जाते. लेथवर पहिला फेस मारताना टूल कडेकडून मध्याकडे न्या आणि पहिली खोली पायरीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर कार्बाइडची टीप पायरीवर तुटक तुटक आपटते.